पीएचडीचा अर्ज आणि गाईडला पहिलं पत्र : मुलांनी आणि घरच्यांनी माहीत करून घ्यायच्या गोष्टी

दहावी-बारावीनंतर काय, यावर आपल्या घरांत महिनोन्‌महिने चर्चा चालते. मामू, चाचा, शेजारचे इंजिनिअर, सगळ्यांचा सल्ला घेतला जातो. पण मूल एमएस्सी किंवा बीई झालं की चर्चा दोनच वाटांवर येऊन थांबते : नोकरी, नाहीतर परदेशात एमएस. परदेशात एमएस म्हटलं की एजंट येतो, एजंटमागे बँकेचं कर्ज येतं आणि कर्जामागे व्याज. व्याजाला हात लावायचा नाही असं ज्या घरांत ठरलेलं आहे, तिथे एक तर प्लॉट विकला जातो किंवा विषय कायमचा बंद होतो.

तिसरी वाट आहे, पण तिची माहिती घरापर्यंत पोहोचत नाही. अमेरिकेत विज्ञान आणि इंजिनिअरिंगमधलं एमएस बहुतेक वेळा स्वतःच्या पैशाने करावं लागतं. पीएचडीचं उलट आहे. चांगल्या विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळाला तर फी सहसा माफ असते आणि दरमहा स्टायपेंड मिळतो. त्याबदल्यात विद्यार्थी शिकवण्याचं किंवा प्रयोगशाळेतलं काम करतो. चैन होत नाही, पण खोलीभाडं आणि खाणंपिणं भागतं. चार वर्षांची बीई किंवा बीटेक झालेल्याला बऱ्याच विभागांत थेट पीएचडीला अर्ज करता येतो, आधी एमएस लागत नाही. तीन वर्षांची बीएस्सी एकटी बहुतेक ठिकाणी कमी पडते. तिला एमएस्सी जोडली की सहसा अडचण राहत नाही.

मग सगळेच तिकडे का जात नाहीत? एक तर पाच-सहा वर्षं द्यावी लागतात. दुसरं म्हणजे पीएचडीचा प्रवेश नुसत्या मार्कांवर होत नाही. तो बराचसा एका माणसावर अवलंबून असतो, तो म्हणजे गाईड. परदेशात त्याला ॲडव्हायझर किंवा सुपरवायझर म्हणतात. आपल्याकडे उस्ताद-शागीर्द हा शब्द गाण्यात आणि कुस्तीत वापरतात. पीएचडीचं नातं त्याच जातीचं आहे. विषय कोणता, काम किती, पैसे कुठून, शिफारस कोण करणार, डिग्री कधी हातात येणार, या सगळ्यावर त्या एका माणसाचा हात असतो. म्हणून विद्यापीठाचं नाव बघून अर्ज करणं म्हणजे गावाचं नाव बघून मुलगी देण्यासारखं आहे. घर बघायला हवं.

आधी गाईड की आधी प्रवेश?

हे देशागणिक बदलतं. ते माहीत नसल्यामुळे मुलं चुकीच्या ठिकाणी पत्रं पाठवतात आणि जिथे पाठवायला हवीत तिथे गप्प राहतात.

जर्मनीत पारंपरिक पद्धतीने डॉक्टरेट करायची तर आधी प्राध्यापक शोधावा लागतो. तो हो म्हणाला की मग विद्यापीठाची नोंदणी. अनेक जागा नोकरीच्या जाहिरातीसारख्या निघतात आणि त्यांना करार आणि पगार असतो. तिथे सहसा आधी मास्टर्स लागते. मॅक्स प्लांक संस्थांच्या संशोधन शाळांसारखे ठरलेल्या तारखांना एकत्रित अर्ज घेणारे कार्यक्रमही आहेत. इंग्लंडमध्ये बहुतेक विषयांत संशोधनाचा आराखडा लिहून आधी सुपरवायझरशी बोलणं अपेक्षित असतं. कॅनडात बऱ्याच विभागांत गाईडची संमती नसेल तर चांगल्या मार्कांचाही अर्ज पुढे सरकत नाही, आणि हे तिथल्या संशोधनाच्या एमएस्सीलाही लागू आहे.

अमेरिकेत निर्णय सहसा विभागाची समिती घेते. जीवशास्त्राच्या अनेक विभागांत मूल आधी प्रवेश घेतं, पहिल्या वर्षी तीन-चार प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून बघतं आणि मग गाईड ठरतो. तिथे आधी पत्र नाही लिहिलं तरी चालतं. इंजिनिअरिंग, रसायनशास्त्र, संगणकशास्त्रात मात्र प्राध्यापकाच्या अनुदानातून विद्यार्थ्याचा खर्च निघत असेल, तर समितीत त्याचं मत जड ठरतं. काही विभाग आपल्या पानावर स्पष्ट लिहितात की प्राध्यापकांना पत्रं पाठवू नका. तसं लिहिलं असेल तर पाठवू नका. ही सूचना आधी वाचावी, मग पेन उचलावं. २०२५ पासून अमेरिकेत संशोधनाच्या सरकारी अनुदानांत कपात झाली आणि काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. त्यामुळे ‘या वर्षी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का’ हा साधा प्रश्न आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे.

आपल्या देशातच करायची असेल तर

टीआयएफआर, आयआयएससी, आयसर, आयआयटी या संस्थांत परीक्षा आणि मुलाखत आधी होते, गाईड बहुधा नंतर ठरतो. राज्य विद्यापीठांत मात्र गाईडकडे जागा रिकामी असणं हाच कळीचा मुद्दा आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रोफेसरकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, असोसिएट प्रोफेसरकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ पीएचडी विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. ‘सर खूप नावाजलेले आहेत’ एवढ्यावर थांबू नका. सरांकडे जागा आहे का आणि सर आणखी किती वर्षं आहेत, हे विद्यापीठाच्या यादीतून आणि विभागात विचारून काढा.

त्याच नियमांत आणखी काही उपयोगाच्या गोष्टी आहेत. दोन वर्षांच्या मास्टर्सनंतर ५५ टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडी करायची तर ७५ टक्के. नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सवलत आहे. आपल्यातल्या मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण दाखला काढलेला नसतो. तो पदवीच्या वर्षातच काढून ठेवा, कारण जात पडताळणीला वेळ लागतो. पीएचडीची मुदत कमीत कमी तीन आणि साधारण सहा वर्षं आहे. महिलांना दोन वर्षं जास्त मिळू शकतात आणि बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. मुलीचं लग्न ठरतंय म्हणून पीएचडी सोडायला लावणाऱ्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

२०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफसह, असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी, आणि फक्त पीएचडी. मागच्या दोन गटांतल्यांना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि तो स्कोअर पीएचडी प्रवेशासाठी एक वर्षच चालतो. विद्यापीठाची स्वतःची पेट परीक्षा आहे का, ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. अजूनही कुणीतरी ‘अल्पसंख्याकांची फेलोशिप आहे ना’ म्हणून मुलांना आशेवर ठेवतं, तसं करू नका. आता जेआरएफची तयारी हाच मुख्य आधार आहे, आणि ओबीसी दाखला असेल तर महाज्योतीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

गाईड कसा शोधायचा

शोधगंगा हे संकेतस्थळ मोफत आहे. भारतातल्या विद्यापीठांचे हजारो प्रबंध तिथे आहेत आणि गाईडच्या नावाने शोधता येतं. एखाद्या गाईडकडे किती जणांनी प्रबंध पूर्ण केला, कोणत्या विषयावर आणि कोणत्या साली, हे अर्ध्या तासात कळतं. दहा वर्षांत एकही प्रबंध नसेल तर विचार करा. प्रबंधाच्या सुरुवातीला विद्यार्थ्याने लिहिलेले आभारही वाचा. कोरडे आभार आणि मनापासूनचे आभार यांतला फरक लगेच जाणवतो.

परदेशातल्या प्राध्यापकांसाठी गूगल स्कॉलर आणि त्यांच्या प्रयोगशाळेचं पान. तिथे तीन गोष्टी बघा. शेवटच्या दोन-तीन वर्षांत काय छापलं? पहिलं नाव विद्यार्थ्यांचं आहे की सगळीकडे सरांचंच? आणि जुने विद्यार्थी आज कुठे आहेत? पंधरा-वीस नावं काढा, त्यातली सात-आठ ठेवा. प्रत्येकाचा एक पेपर तरी पूर्ण वाचा. सगळा समजणार नाही. प्रस्तावना, आकृत्या आणि शेवटची चर्चा समजली तरी पत्र लिहिण्यापुरतं पुरेसं आहे.

पत्र

खरी अडचण इथे आहे आणि ती इंग्रजीची नाही. आपल्या मुलांना पत्र म्हणजे विनंती अर्ज असं शिकवलेलं असतं. मराठी माध्यमात ‘महोदय, सविनय सादर’, उर्दू माध्यमात ‘जनाब-ए-आली’ आणि मागे तीन ओळी तारीफ. आम्ही शिक्षकच ते शिकवतो आणि परीक्षेत त्याला मार्कही देतो. परदेशातल्या प्राध्यापकाला ‘आपण जगप्रसिद्ध आहात, आपल्या चरणी शिकण्याची संधी मिळावी’ असं पत्र गेलं की तो ते दुसऱ्या ओळीत बंद करतो. त्याला रोज अशी कितीतरी पत्रं येतात आणि हेच वाक्य शंभर जणांना गेलेलं आहे हे त्याला कळतं. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात करणं तर आणखी धोक्याचं, कारण समोर सर आहेत की मॅडम हेही बघितलेलं नसतं. ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव, एवढं पुरे.

पत्र दीडशे-दोनशे शब्दांचं असावं, मोबाईलवर एका नजरेत वाचता येईल एवढं. त्यात चार गोष्टी येतात : मी कोण, मी आत्तापर्यंत हाताने काय केलं, तुमच्या कामातलं नेमकं काय मला भिडलं, आणि एक प्रश्न. समजा, यवतमाळकडची एक मुलगी रसायनशास्त्रात एमएस्सी करते आहे. तिच्या पत्राचा गाभा मराठीत सांगायचा तर असा :

‘मी रसायनशास्त्राच्या एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या भागात विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि माझा प्रोजेक्ट ते शोषून घेणाऱ्या स्वस्त मातीवर आहे. सहा महिन्यांत मी चाळीस नमुने तपासले. तुमचा गेल्या वर्षीचा पेपर मी वाचला. पाण्याचा सामू वाढला की शोषण कमी होतं असं त्यात दिसतं. माझ्या नमुन्यांतही तसंच आलं, पण ज्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त होतं तिथे घट आणखी मोठी होती. तुमच्या गटात यावर काम चालू आहे का? पुढच्या ऑगस्टपासूनच्या पीएचडीसाठी मी तुमच्या विभागात अर्ज करणार आहे. या वर्षी तुम्ही नवे विद्यार्थी घेणार आहात का? सीव्ही सोबत जोडला आहे.’

यात तारीफ नाही, गरिबीची कहाणी नाही, मार्कांची यादी नाही. पण वाचणाऱ्याला कळतं की या मुलीने स्वतः काम केलं आहे आणि आमचा पेपर खरोखर वाचला आहे. तिचं कॉलेज छोटं आहे हे इथे आड येत नाही, उलट तिच्या विहिरीचं पाणी तिच्या कामाला येतं. एआयकडून पत्र लिहून घेण्याचा मोह होतो. व्याकरण तपासायला वापरा, हरकत नाही. पण ‘चाळीस नमुने’ हे वाक्य तो तुमच्यासाठी शोधू शकत नाही, आणि खोटं शोधून दिलं तर पहिल्या व्हिडिओ कॉलवर पितळ उघडं पडतं.

विषयाच्या ओळीत ‘पीएचडी अर्ज, सत्र अमुक, विषय तमुक’ इतकं लिहा. सीव्ही दोन पानांचा, पीडीएफमध्ये. आधार कार्ड, दहावीची मार्कशीट, क्रीडास्पर्धेची प्रमाणपत्रं जोडू नका. एकाच विभागातल्या पाच प्राध्यापकांना एका दिवशी पत्रं पाठवू नका, ते एकाच मजल्यावर बसतात आणि चहाला एकत्र जातात.

उत्तर आलं, नाही आलं

बहुतेक पत्रांना उत्तर येत नाही. हे नकाराचं लक्षण नाही. आठ-दहा दिवसांनी एक छोटी आठवण पाठवा, त्याच पत्राखाली. तरीही काही आलं नाही तर पुढच्या नावाकडे वळा. तिसरं पत्र नको, व्हॉट्सॲप तर नकोच.

‘अर्ज करा, तुमचा अर्ज बघायला आवडेल’ हे उत्तर चांगलं आहे, पण ते वचन नाही. घरी मिठाई वाटू नका. ‘या वर्षी मी विद्यार्थी घेत नाही’ हे उत्तर वाईट वाटतं, पण ते सगळ्यात उपयोगी असतं. अमेरिकेत एका अर्जाची फी बऱ्याच ठिकाणी ७५ ते १२५ डॉलरच्या आसपास असते आणि त्या एका ओळीने तेवढे पैसे वाचतात. फी परवडत नसेल तर माफीसाठी विभागाकडे विचारा. काही ठिकाणी मिळते, आणि विचारल्याने अर्ज कमकुवत होत नाही. ‘व्हिडिओवर बोलूया का’ असं आलं तर आपला प्रोजेक्ट पाच मिनिटांत साध्या शब्दांत सांगायचा सराव करा, घरात लहान भावाला सांगून बघा. जे माहीत नाही त्याला ‘माहीत नाही, पण असं शोधेन’ म्हणा. घरातल्यांनी त्या वेळी कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून सूचना करू नयेत.

शिफारसपत्रं आणि नावाचं स्पेलिंग

परदेशी अर्जाला बहुधा तीन शिफारसपत्रं लागतात आणि ती शिक्षक स्वतः विद्यापीठाच्या लिंकवर टाकतात. आपल्याकडे शिक्षक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तिन्ही पत्रं एकाच हाताची आहेत हे समितीला कळतं. त्याऐवजी दोन महिने आधी शिक्षकांना भेटा, आपला सीव्ही, प्रोजेक्टची दोन पानं आणि तारखांची यादी द्या. मोठ्या पदावरच्या, पण तुम्हाला न ओळखणाऱ्या प्राचार्यांपेक्षा प्रयोगशाळेत तुम्हाला चुकताना आणि सुधारताना पाहिलेले शिक्षक बरे. त्यांचा ई-मेल पत्ता कॉलेजचा असेल तर उत्तम. आणि पैसे देऊन कुठल्याही मासिकात पेपर छापून सीव्ही फुगवू नका. जाणकार माणूस ते मासिक ओळखतो.

नावाचा घोळ आपल्याकडे जरा जास्तच असतो. मार्कशीटवर आधी आडनाव, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. शेख कुठे ‘ए-आय’ने, कुठे दोन ‘ई’ने. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे ‘एमओएचडी’. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर अमेरिकी व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’ असं छापून येतं आणि पुढे बँकेपासून लायसन्सपर्यंत ते निस्तरावं लागतं. अर्जाच्या वर्षभर आधी पासपोर्ट काढा किंवा दुरुस्त करा, गरज असेल तर गॅझेटमध्ये नाव नोंदवा, आणि अर्ज, इंग्रजीची परीक्षा, पहिला पेपर, सगळीकडे तेच स्पेलिंग वापरा.

वर्षाचं गणित

अमेरिकेचे बहुतेक पीएचडी अर्ज १ ते १५ डिसेंबरच्या आसपास बंद होतात. उन्हाळ्यात नावं काढा, ऑगस्ट ते ऑक्टोबर पत्रं लिहा, सप्टेंबरमध्ये शिक्षकांना सांगा, ऑक्टोबरपर्यंत टोफेल किंवा आयईएलटीएस उरका. जीआरई अनेक विभागांनी काढून टाकली आहे, तेव्हा क्लास लावण्याआधी तुमच्या यादीतल्या विभागांना ती हवी आहे का ते बघा. जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती, मार्चपर्यंत बहुतेक निकाल. पीएचडीच्या अर्जासाठी एजंटची गरज नाही. त्याला कमिशन देणारी विद्यापीठं वेगळी आणि तुम्हाला स्टायपेंड देणारे विभाग वेगळे.

प्रवेश मिळाल्यावर घाईने हो म्हणू नका. स्टायपेंडसह आलेल्या प्रस्तावाला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ देण्याचा ठराव अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी मान्य केलेला आहे. त्या काळात त्या गाईडकडे आज काम करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांशी एकट्याने बोला आणि सरळ विचारा : पैसे किती वर्षांचे पक्के आहेत, उन्हाळ्यात पगार मिळतो का, सर आठवड्याला भेटतात का, गेल्या पाच वर्षांत किती जण अर्धवट सोडून गेले, सुट्टी मागितली की काय होतं. मुलीला पाठवताना अम्मी-अब्बूंना राहण्याची, जेवणाची, सोबतीची काळजी असते, तीही याच वेळी विचारून घ्या. हलाल दुकान किती लांब, प्रयोगशाळेतून रात्री घरी कसं जातात, याची उत्तरं विद्यापीठाच्या पानावर नसतात, ती तिथली मुलंच देतात. आणि विद्यार्थ्याने ‘गाईडबद्दल मी बोलू शकत नाही’ असं म्हटलं, तर दुसऱ्या प्रस्तावाकडे पुन्हा एकदा नीट बघा.